कपाळावरचा आकडा कोणाच्या कातडीवर तपासला?

आजी जत तालुक्यातल्या. वय ६८. हृदयाची एक झडप बदलायची होती. टेबलावर घेतल्यावर मी स्पिरिटचा बोळा हातात घेतला आणि म्हटलं, "आजी, कुंकू थोडं पुसावं लागेल हो." त्या म्हणाल्या, "पूस की. गोंदलेलं तेवढं ऱ्हाऊ दे, ते संगट यायचं हाय."

कपाळ पुसून दोन्ही भुवयांच्या वर एकेक चिकटपट्टीसारखा सेन्सर लावला. या सेन्सरमधून डोळ्याला न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तात किती प्राणवायू उरला आहे, ते पडद्यावर आकड्यात दिसतं. उजवीकडे ६२ आलं. डावीकडे ४६. भूल अजून दिलेलीसुद्धा नव्हती. आजी शुद्धीवर होत्या, दोन्ही हात सारखे हलवत होत्या, बोटाचं सॅच्युरेशन ९८ होतं. तरी माझा रेसिडेंट घाबरला. डाव्या बाजूला रक्त कमी जातंय, मानेची धमनी तुंबलेली असेल, आज केस नको, आधी डॉप्लर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करू, असं त्याने सर्जनना फोनवर सांगायला सुरुवात केली होती. तो चुकला असं मी म्हणणार नाही. पडद्याने जे सांगितलं त्यावर तो शिकवल्याप्रमाणे वागत होता.

मी डावा सेन्सर उचलून पाहिला. खाली हिरव्या ठिपक्यांची एक रांग होती, डाव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी. लहानपणी गावच्या जत्रेत गोंदून घेतलेली. सेन्सर दोन बोटं वर, केसांच्या रेषेच्या अलीकडे सरकवला. आकडा ५९ झाला. केस झाली, आजी घरी गेल्या. पण त्या दिवशी मी सेन्सर उचलून पाहिला नसता, तर ११ दिवस वॉर्डात थांबलेल्या आणि लेकाला कामावरून रजा घ्यायला लावलेल्या त्या बाईला आम्ही पुन्हा परत पाठवलं असतं, एका गोंदणापायी.

मी २२ वर्षं भूल देते, त्यातली बरीच हृदयाच्या थिएटरमध्ये. हे यंत्र, म्हणजे मेंदूचा ऑक्सिमीटर, मला हवं आहे. ते काढून टाका असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की प्रकाशाने माप घेणारं कोणतंही यंत्र सरकारी पैशाने विकत घेण्याआधी ते आपल्या लोकांच्या कातडीवर तपासलेलं आहे का, हे विचारलं पाहिजे, आणि उत्तर कागदावर मागितलं पाहिजे. हा प्रश्न विचारायची ताकद आज ज्याच्याकडे आहे तो म्हणजे खरेदीदार, आणि महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा खरेदीदार शासन आहे.

हे यंत्र काय करतं ते आधी नीट सांगते, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरशी त्याची गल्लत होते. कोविडमध्ये घराघरांत पोचलेला तो चिमटा सगळ्यांना माहीत आहे. रात्री टॉर्चवर तळहात धरला की बोटांच्या कडा लालभडक दिसतात. हिरवा-निळा प्रकाश मांसात अडतो, लाल पार होतो. लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा निअर-इन्फ्रारेड प्रकाश तर आणखी खोल जातो, हाडातूनही जातो. त्या पट्ट्यात पाणी फारसं आड येत नाही आणि प्रकाश शोषणारा मुख्य पदार्थ उरतो तो हिमोग्लोबिन. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या लांबीचा प्रकाश कमी-जास्त शोषतं. म्हणून दोन किंवा अधिक लांबींचा प्रकाश पाठवून परत किती आला ते मोजलं की दोघांचं प्रमाण काढता येतं.

बोटाचं यंत्र फक्त ठोक्याबरोबर फुगणारं रक्त मोजतं, म्हणजे धमनीतलं. कपाळाचं यंत्र ठोका शोधतच नाही. सेन्सरखालच्या सगळ्या रक्ताची ते एकत्र गोळाबेरीज करतं, आणि मेंदूत त्यातलं सुमारे पाऊण रक्त शिरांमधलं, म्हणजे वापरून परत निघालेलं असतं. नळाला पाणी किती आलं ते बोटाचं यंत्र सांगतं. घरातल्यांनी वापरून टाकीत किती उरलं ते कपाळाचं यंत्र सांगतं. निरोगी माणसात हा आकडा साधारण ६० ते ८०च्या मध्ये असतो. नळ चालू असूनही टाकी रिकामी होत असेल तर घरात काहीतरी बिघडलं आहे, हे दुसऱ्या आकड्याशिवाय कळत नाही.

आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत तर नळाचा मीटरच बंद पडतो. हार्ट-लंग मशीनवर घेतल्यावर हृदय थांबवलेलं असतं. रक्त पंपाने एकसारखं वाहतं, ठोका नसतो, त्यामुळे बोटाच्या चिमट्याला काही दिसत नाही. रुग्ण झोपलेला. डोकं दुखतंय, हात जड झालाय असं सांगणारं कुणी नाही. त्या तास-दोन तासांत मेंदूबद्दल अखंड काही बोलणारं असं आमच्याकडे फारच थोडं असतं, आणि कपाळावरच्या या दोन पट्ट्या त्यांतल्या एक. पंपाची नळी चुकीच्या फाट्यात शिरली, मान एका बाजूला जास्त वळली, डोक्यातून परत येणारं रक्त तुंबलं, की एका बाजूचा आकडा झरकन खाली येतो आणि आम्ही धावतो. असं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. नळी दोन सेंटीमीटर मागे घेतल्याबरोबर डावी बाजू ३८वरून ६०वर आलेली मी पाहिली आहे. म्हणून या यंत्रावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच त्याच्या आकड्याबद्दल मी हट्टाने बोलते.

या मापनाची सुरुवात १९७७ सालची. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी त्या वर्षी 'सायन्स'मध्ये निबंध छापून दाखवलं की जिवंत प्राण्याच्या डोक्यातून हा प्रकाश पाठवून आतल्या प्राणवायूचा अंदाज न कापता, न टोचता घेता येतो. जेवणातल्या मांसाचं पातळ हाड उजेडासमोर धरल्यावर त्यातून लाल प्रकाश आलेला पाहून त्यांना कवटीचा विचार सुचला, अशी आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९७४मध्ये, जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी ठोक्यावर चालणाऱ्या बोटाच्या ऑक्सिमीटरची कल्पना मांडली होती. दोन्ही कल्पना जवळपास एकाच वयाच्या. पण बोटाचं यंत्र जगभर पोचलं आणि कपाळाचं यंत्र मोठ्या थिएटरांपुरतं राहिलं. यामागे किंमत आहेच, काही हजारांचा एक सेन्सर एकदा वापरून फेकायचा असतो. पण त्याहून मोठं कारण आकड्याच्या आतच आहे.

बोटाचं यंत्र खरं की खोटं हे ठरवायला धमनीतलं रक्त काढून तपासता येतं. कपाळाच्या यंत्राला तसा न्यायाधीश नाही. मेंदूच्या पेशींभोवतीचं मिश्र रक्त वेगळं काढून कुणालाच तपासता येत नाही. मग निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देतात, त्यांच्या धमनीतून आणि मेंदूतून परत येणाऱ्या गळ्यातल्या शिरेतून रक्त घेतात, आणि शिरेचा वाटा ७० किंवा ७५ टक्के, धमनीचा ३० किंवा २५ टक्के असं गृहीत धरून एक 'खरा' आकडा बनवतात. यंत्राचं गणित त्या बनवलेल्या आकड्याशी जुळवतात. प्रत्येक कंपनीचं गृहीतक वेगळं, प्रकाशाच्या लांबी वेगळ्या, गणित गुपित. म्हणून एकाच कपाळावर दोन कंपन्यांची यंत्रं वेगवेगळा आकडा दाखवतात, आणि दोघींच्याही माहितीपत्रकात यंत्र अचूक असतं.

पूर्वीच्या यंत्रांची अवस्था तर आणखी अवघड होती. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी हे सेन्सर मृतदेहांच्या कपाळावर लावून पाहिले. काही मृतदेहांवर यंत्राने जिवंत माणसात शोभतील असे आकडे दाखवले. पुढे यंत्रं सुधारली. दोन अंतरांवर प्रकाश टिपणारे दोन डिटेक्टर ठेवून कातडी आणि हाडातला भाग वजा करायची युक्ती त्यांत वापरतात. तरी २०१२मध्ये स्वयंसेवकांच्या डोक्याला फुगवता येणारा पट्टा बांधून फक्त कवटीवरच्या कातडीचं रक्त थांबवलं, तेव्हा तीन नामांकित कंपन्यांच्या तिन्ही यंत्रांचे आकडे खाली आले. मेंदूला काहीच झालं नव्हतं. कातडीचं मेंदूच्या नावावर खपलं होतं.

आता कातडीच्या रंगाकडे येते.

२०२०च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांचं एक पत्र आलं. बोटाचा चिमटा ९२ ते ९६ दाखवत होता, पण त्याच सुमाराला धमनीतून काढलेल्या रक्तात प्राणवायू ८८च्या खाली होता, असे रुग्ण त्यांनी मोजले. गोऱ्या रुग्णांमध्ये हे ३.६ टक्के वेळा झालं होतं, कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के वेळा. म्हणजे चिमटा बरं चाललंय म्हणत होता आणि आत माणूस गुदमरत होता, आणि काळ्या कातडीच्या माणसाच्या बाबतीत हे तिपटीहून जास्त वेळा. हे नवीन नव्हतं. अशी शंका १९९०पासून छापून येत होती. तीस वर्षं ती कुणी मनावर घेतली नाही.

ते वर्ष आठवून पाहा. २०२०च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघत होते. बोटावरचा आकडा ९५च्या खाली की वर, यावर पुढची वाट ठरत होती. दुसऱ्या लाटेत तर खाटा इतक्या कमी पडल्या की ९३ आणि ९५ यांच्यातला फरक म्हणजे खाट मिळणं आणि दारातून परत जाणं. त्या काळात मीही फोनवर लोकांना सांगितलं आहे, ९५ आहे ना, मग घरीच थांबा. उन्हात राबून काळ्या पडलेल्या हाताच्या माणसाचा ९५ आणि माझ्या हाताचा ९५ एकच आहे का, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. अमेरिकेतले टक्के जसेच्या तसे आपल्याला लागू होतात असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे कातडीच्या छटा कोकणस्थी गोरेपणापासून गडचिरोलीच्या गडद सावळेपणापर्यंत आहेत, आणि एकच आकडा सगळ्यांना लावून आपण खाटा वाटल्या, हे मला आजही टोचतं.

कपाळाच्या यंत्रात ही चूक उलट्या दिशेने जाताना दिसते. कातडीला रंग देणारा मेलॅनिन निअर-इन्फ्रारेड प्रकाशही थोडा शोषतो आणि परत येणारा प्रकाश मुळातच इतका कमी असतो की तेवढ्यानेही गणित बिघडू शकतं. २०१५मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया'मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या कृष्णवर्णीय रुग्णांचे आकडे गोऱ्यांपेक्षा सरासरीने कमी निघाले, आणि लेखकांनी दोष मेंदूला न देता कातडीच्या रंगाला दिला. बोटाचं यंत्र काळ्या माणसाचा धोका झाकतं. कपाळाचं यंत्र नसलेला धोका दाखवू शकतं.

नसलेला धोका दिसला तर बिघडलं कुठे, जास्त काळजी घेतली जाईल, असं कुणी म्हणेल. थिएटरमध्ये जास्त काळजी म्हणजे काय ते सांगते. आकडा सुरुवातीच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी घसरला किंवा ५०च्या खाली गेला की आम्ही एक क्रम पाळतो. मान सरळ करा, रक्तदाब वाढवा, कार्बन डायऑक्साइड बघा, प्राणवायू वाढवा, आणि तरी नाही आलं तर रक्त चढवा. रक्तदाब वाढवायचं औषध नुकत्याच शिवलेल्या टाक्यांवर ताण आणतं. रक्ताची प्रत्येक पिशवी स्वतःचे धोके घेऊन येते आणि जिल्ह्याच्या रक्तपेढीत ती दुसऱ्या कुणासाठी तरी ठेवलेली असते. ज्या माणसाचा खरा आकडा ६० आहे आणि यंत्र ४९ दाखवतं आहे, त्याच्यावर आम्ही गरज नसलेले उपचार करतो. आणि काही महिन्यांनी दुसरी गोष्ट घडते, ती जास्त वाईट. सावळ्या रुग्णांचा आकडा कमीच येतो हे थिएटरमधल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडतं, आणि मग खरंच खाली गेलेल्या आकड्याकडेही कुणी बघत नाही.

यावर सगळ्यात ताकदीचा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, आम्ही आकडा बघतच नाही, आकड्याची चाल बघतो. प्रत्येक रुग्णाची सुरुवातीची पातळी घेतो आणि तिथून किती घसरलं ते मोजतो. कातडी सुरुवातीलाही तीच आणि शेवटीही तीच, मग रंगाचा प्रश्न उरतो कुठे? नियोजित शस्त्रक्रियेपुरतं हे बरोबर आहे आणि मीही तसंच करते. पण तिथेसुद्धा ५०ची मर्यादा नियमात लिहिलेली आहेच, आणि ती चाल नाही, आकडा आहे. अपघाताच्या रुग्णाची सुरुवातीची पातळी आमच्याकडे नसते. कमी दिवसांच्या बाळाची नसते. अतिदक्षता विभागात तिसऱ्या दिवशी सेन्सर लावला तर ती कुठून आणणार? आणि जतच्या आजींच्या बाबतीत तर सुरुवातीच्या पातळीनेच घोळ घातला होता.

उलट उदाहरणही देते, म्हणजे मी सगळ्याच प्रकाशयंत्रांना एका दोरीने बांधते आहे असं वाटायला नको. डोक्याला मार लागल्यावर आत रक्त साकळलं आहे का, हे याच प्रकाशाने शोधायचं हातात मावणारं 'सेरेबो' नावाचं यंत्र भारतात तयार झालं आहे. आयसीएमआर, भोपाळचं एम्स, बंगळूरचं निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी यांनी मिळून ते विकसित केलं. सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी, रुग्णवाहिकेत, ग्रामीण रुग्णालयात ते वापरता यावं हा हेतू आहे. कवटीखाली साकळलेलं रक्त शोधणाऱ्या अशा मापनात एकाच डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करता येते, आणि दोन्ही बाजूंची कातडी एकाच माणसाची असल्यामुळे रंगाचा परिणाम बराचसा कटतो. शिवाय आकडा आल्यावर काय करायचं हे स्पष्ट असतं, रुग्णाला सीटी असलेल्या ठिकाणी लगेच हलवायचं. पुणे-सोलापूर किंवा मुंबई-गोवा रस्त्यावरच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात अशा यंत्राचा उपयोग मला डोळ्यांसमोर दिसतो. तिथेही केस, घाम, गोंदण आणि सुजलेली कातडी यांवर ते कसं वागतं याचे निष्कर्ष उघडपणे छापून यावेत एवढीच माझी अपेक्षा.

नवजात बाळांचं मात्र वेगळं, आणि इथे मला स्वतःची आवड बाजूला ठेवावी लागते. बाळाची कवटी पातळ, प्रकाश सहज पार होतो, म्हणून कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूवर या यंत्राने लक्ष ठेवावं ही कल्पना फार आकर्षक आहे. कोपनहेगनच्या गॉर्म ग्राइसन यांच्या नेतृत्वाखाली युरोपात १६६ बाळांवर अभ्यास झाला. २०१५मध्ये तो छापून आला तेव्हा यंत्राकडे बघून उपचार केलेल्या गटात मेंदूला प्राणवायू कमी पडण्याचा एकूण भार निम्म्याहून अधिक घटलेला दिसला. आम्हा सगळ्यांना आनंद झाला. मग त्यांनीच मोठा अभ्यास केला, १७ देश, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली १६०१ बाळं, पहिले ७२ तास यंत्र. २०२३मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा यांचं प्रमाण यंत्राच्या गटात ३५.२ टक्के, नेहमीच्या देखभालीत ३४ टक्के. फायदा नाही. आकडा सुधारला होता, बाळं सुधारली नव्हती. आपल्याच आवडत्या यंत्राविरुद्ध जाणारा निकाल तितक्याच ठळकपणे छापणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो.

भारतात २०२०मध्ये सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता कक्षांत एकेका सिस्टरकडे किती बाळं असतात ते तिथे रात्रपाळीला उभं राहिल्याशिवाय कळत नाही. भंडाऱ्यात २०२१च्या जानेवारीत अशाच कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. अशा ठिकाणी मेंदूच्या प्राणवायूचा नवा मॉनिटर आणण्यापेक्षा आणखी एक सिस्टर आणि तपासलेली वायरिंग आणावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी या यंत्राची चाहती असून म्हणते.

मोठ्यांच्या हृदयशस्त्रक्रियेतही पुरावा मला हवा तितका भक्कम नाही. २००७मध्ये बायपासच्या २०० रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. त्यात यंत्र बघून उपचार केलेल्यांमध्ये मोठ्या गुंतागुंती ३ टक्के, इतरांमध्ये ११ टक्के होत्या. त्यावर अनेक थिएटरांनी यंत्रं घेतली. पण कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अभ्यास एकत्र तोलून आढावे काढते, तिच्या २०१८च्या आढाव्यात सगळे अभ्यास एकत्र केल्यावर फायदा ठामपणे सांगता येत नाही असंच निघालं. तरी मी ते वापरते, कारण नळी चुकीच्या जागी गेल्याचं ते मला सांगतं आणि त्यावर काय करायचं ते मला माहीत आहे. ज्या आकड्यानंतर करण्यासारखं नेमकं काही आहे, तिथे यंत्र असावं. फक्त पडद्यावर आणखी एक रंगीत रेष आणि बिलावर आणखी एक ओळ वाढणार असेल तर नसावं.

राहिला कायद्याचा आणि खरेदीचा भाग. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले, २०२०च्या एप्रिलपासून सगळीच उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली आणि ऑक्टोबर २०२३पासून जास्त धोक्याच्या वर्गांना परवाना बंधनकारक झाला. मेंदूच्या ऑक्सिमीटरसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही २०२१पासून आहे. पण परवाना असणं आणि आपल्या माणसांवर तपासलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत औषधांना आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएचं उदाहरण बघा. बोटाच्या ऑक्सिमीटरसाठी त्यांनी २०१३मध्ये सांगितलं होतं, किमान १० स्वयंसेवक घ्या, त्यांत गडद कातडीचे किमान दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दोन माणसं! एवढ्यावर विकायची परवानगी. २०२०च्या त्या पत्रानंतर बराच आरडाओरडा झाला, तेव्हा २०२५च्या जानेवारीत त्यांनी नवा मसुदा काढला. त्यात किमान १५० माणसं आणि त्यांच्या कातडीची छटा ठरलेल्या पट्टीवर मोजून नोंदवणं आहे. तिथे ते झालं कारण तिथल्या काळ्या रुग्णांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी प्रश्न लावून धरला. आपल्याकडे तर जवळजवळ सगळेच रुग्ण सावळे. हा प्रश्न इथे सगळ्यांत आधी विचारला जायला हवा होता.

मी आजवर खरेदी समितीवर तीन वेळा बसले आहे. निविदेत पडदा किती इंचाचा, बॅटरी किती तास, वॉरंटी किती वर्षं, सेन्सरचा पुरवठा किती दिवसांत, सगळं लिहिलेलं असतं. कातडीच्या छटांबद्दल एक ओळसुद्धा मी वाचलेली नाही. महाराष्ट्रात २०२३च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं आहे. सगळी खरेदी एका दारातून जाणार असेल तर त्या दारावर दोन ओळी वाढवायला नवा कायदा लागत नाही. 'यंत्राच्या अचूकतेची चाचणी किती व्यक्तींवर झाली आणि त्यांच्या कातडीच्या छटा कोणत्या, याचा तपशील द्यावा. गडद छटांमधील त्रुटी स्वतंत्रपणे दाखवावी.' ज्या कंपनीकडे हा तपशील आहे तिला अडचण काहीच नाही. ज्या कंपनीकडे नाही ती महाराष्ट्राची मागणी बघून करून आणेल, कारण एवढी मोठी बाजारपेठ कुणी दोन ओळींपायी सोडत नाही.

अशा अटींनी यंत्रं महाग होतील आणि गरीब रुग्णांपर्यंत उशिरा पोचतील, अशी भीती मला एका वरिष्ठांनी बोलून दाखवली. त्यांची कळकळ खरी आहे, सरकारी आरोग्य योजनेच्या ठरावीक पॅकेजमध्ये सेन्सरचे पैसे बसवताना आमची काय ओढाताण होते ते आम्ही दोघंही जाणतो. एकदा वापरायचा सेन्सर पुसून, वरून चिकटपट्टी लावून दुसऱ्या रुग्णाला लावला जातो, मग तो नीट चिकटत नाही, कडेने ऑपरेशनच्या दिव्याचा उजेड आत शिरतो आणि आम्ही वर हिरवं कापड झाकतो. पण गरिबाला स्वस्तात चुकीचा आकडा देणं ही त्याची सोय नाही. त्या आकड्यावर चढलेल्या रक्ताचे आणि लांबलेल्या मुक्कामाचे पैसे कुणीतरी मोजतोच.

हे तपासणंही फार अवघड नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत धमनीत नळी घातलेलीच असते आणि मानेतल्या मोठ्या शिरेतही. दोन्हींतून रक्त आम्ही तपासायला घेतच असतो. ते मेंदूतून येणाऱ्या रक्ताइतकं नेमकं नसलं तरी छटेप्रमाणे आकडे एका दिशेने सरकतात का, हे त्यावरून दिसू शकतं. रुग्णाची लेखी संमती, नैतिकता समितीची परवानगी आणि छटांची एक छापील पट्टी, यापलीकडे फारसं काही लागत नाही. राज्यातल्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयांत हृदयाची थिएटरं चालतात त्यांनी एकाच फॉर्मवर नोंदी ठेवल्या तर एखाद्या वर्षात आपल्याकडे आपले स्वतःचे आकडे असतील.

आमच्या थिएटरच्या नोंदीत मी गेल्या दिवाळीनंतर एक रकाना वाढवून घेतला. सेन्सर लावायच्या आधी भिंतीवरची छटांची पट्टी कपाळाशेजारी धरायची, क्रमांक लिहायचा, आणि कपाळावर गोंदण, व्रण, वांग काही असेल तर कुठे ते लिहायचं. पहिल्या आठवड्यात तो रकाना रिकामाच राहायचा. आता सिस्टर स्वतःहून भरतात. परवाच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'छटा ७. भुवयांमध्ये गोंदण, तुळस. दोन्ही सेन्सर वर सरकवले. डावा ६१, उजवा ६०.'